मी आफ्रिका खारवली

वही पिंपात पडली तेव्हा माझा एक हात लेकीच्या ढुंगणाखाली होता आणि दुसरा बोंबलांच्या टोपलीत. पिंप म्हणजे प्यायच्या पाण्याचं न्हाय, मासळी खारवायचं, काठोकाठ मिठाचं पाणी आणि वर तेलाचा तवंग. लेक चौदा महिन्यांची, कडेवर होती, आणि त्या वयात तिला एकच कला येत होती, हाताला लागेल ते लांब फेकायचं. वही मी काखेत धरलेली. तिनं ती कधी ओढली, कधी फेकली, मला कळलंच न्हाय. नुसता आवाज आला, डुब. वळून बघते तर वहीचा निळा पुठ्ठा एकदा वर आला, माझ्याकडं बघितल्यासारखं केलं, आणि खाली गेला.

मी ओरडलेसुद्धा न्हाय. ओरडायला श्वास लागतो, तो न्हवताच. वही माझी असती तर मी तिला तिथंच सोडून बोंबील घालायला गेले असते. वही सरांची होती. कॉलेजातल्या सरांची, हातानं लिहिलेली, आठ वर्षं लिहीत आलेले, आणि तिच्यात अख्खी जुनी आफ्रिका होती. दुसरी प्रत न्हाय. सोमवारी सकाळी रेवसच्या धक्क्यावर ती त्यांच्या हातात द्यायची होती आणि आज शनिवारची दुपार.

आता मी, पिंपाशी उभी राहून बोंबील साफ करणारी बाई, आणि जुनी आफ्रिका, यांचा संबंध काय ते सांगते, न्हायतर तुम्हाला वाटेल मी बनवते हाय.

मी शिकलेली म्हणजे अशी तशीच. सातवीपर्यंत बरी, पुढं धक्के खात. मासळीच्या दिवसांत शाळा बुडायची, म्हणून मला अपूर्णांक येत न्हायत आणि इंग्रजी अक्षरं वाचता येतात पण त्यांचा अर्थ लागत न्हाय. मॅट्रिक लग्नानंतर, दुसऱ्या खेपेला, पोटुशी असताना पास झाले. पुढं काही करायचा विचार माझ्या डोक्यात न्हवता. पण तालुक्याच्या गावाला नवं कॉलेज निघालं आणि त्यांना मुली कमी पडल्या. गावोगाव माणसं फिरली, मॅट्रिक झालेली मुलगी हाय का म्हणून. आमच्या कोळीवाड्यात मॅट्रिक झालेली मी एकटी. मी मुलगी न्हवते, आई होते, पण त्यांना चाललं. आमचे हे होडीवर असतात, चार-चार दिवस पाण्यात, ते म्हणाले जा की, घरात कोण दोन ओळी वाचणारं असलं तर बरं. सासूला विचारायचं माझ्या अंगावर आलं होतं. तिनं विचार केला आणि म्हणाली, एसटीनं जातेच हायेस रोज, तर सुक्या बोंबलांच्या दोन टोपल्या पण ने बाजारात. अशी मी कॉलेजात गेले. टोपल्या कॉलेजच्या शिपायाकडं ठेवायच्या, तास करायचे, मग बाजार. पहिल्या महिन्यात माझ्या बाकावर माझ्याशेजारी कोणी बसलं न्हाय. दुसऱ्या महिन्यात त्यांना सवय झाली, का मला, ते देव जाणे.

जगातल्या संस्कृती असा एक विषय होता. ग्रीक, रोमन, चिनी, सगळ्यांना मोठमोठी प्रकरणं, आणि आफ्रिकेला पुस्तकात दीड पान. तेसुद्धा इंग्रजीत. या सरांना त्याचा राग. एरवी मऊ माणूस, खडूसुद्धा हळू उचलणारे, पण ते दीड पान आलं की त्यांचा आवाज चढायचा. म्हणायचे, तिथं राज्यं होती, राण्या होत्या, दगडी शहरं होती, आणि यांनी दीड पानात गुंडाळलं. म्हणून त्यांनी मुंबईच्या ग्रंथालयांत बसून मराठीत स्वतःची वही केली होती. पेन्सिलीनं. का पेन्सिलीनं, तर म्हणाले, इतक्या जुन्या काळाबद्दल माणसाचं मत बदलतं, खोडता आलं पाहिजे.

घरी येऊन मी सासूला सांगितलं की आज आम्हाला हबशांचा जुना देश शिकवला, अक्सूम नावाचा. ती बोंबलाची तोंडं एकमेकांत अडकवत होती, मान वर न करता म्हणाली, "हबशी तर जंजिऱ्यात होते. माज्या आज्यानं त्यांच्या सैपाकघरात मासळी घातलीय. येवढ्यासाठी एसटीनं जायला लागतं व्हय?"

तर तसं चाललं होतं. मग लेकीला गोवर आला. तीन आठवडे मी घरी. परत गेले तर कळलं की हजेरी कमी पडली, आणि सरांनी फॉर्मवर सही केली तरच टर्म भरेल. न्हायतर वर्ष गेलं, पुढल्या वर्षी पहिल्यापासून. कॉलेजातल्या लोकांना पुढलं वर्ष म्हणजे पुढलं वर्ष. आमच्यात पुढलं वर्ष म्हणजे पुढलं पोर. मी बाहेर पडले की परत आत येणार न्हाय हे मला माहीत होतं, आणि मला वाटतं सरांनाही कळलं असावं, कारण मी काही बोलायच्या आधी माझे डोळेच वाहायला लागले.

सर मुंबईचे. सोमवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला यायचे, तिथून एसटीनं कॉलेज, आणि शनिवारी उलटे. त्या शनिवारी त्यांनी मला रेवसच्या धक्क्यावर वही दिली. लाँचचा भोंगा वाजत होता. म्हणाले, "दोन दिवसांत वाचा, जमेल तितकं उतरवून घ्या. सोमवारी एसटीत मी चार प्रश्न विचारीन. आले तर सही करतो. आणि बाई, ही एकच आहे." हे शेवटचं त्यांनी वहीकडं बघून म्हटलं, माझ्याकडं न्हाय. लेकीला शाळेत सोडताना बाप करतो तसं तोंड होतं त्यांचं.

मी खरंच वाचायला बसणार होते. पण घरी आले तर दारात बोंबील. होडी लागलेली, टोपल्यांवर टोपल्या, आणि ऊन खाली जायच्या आत दोरीवर गेले न्हायत तर सगळा माल सडणार. तेव्हा वही ठेवायची कुठं? घरात ठेवली तर उंदीर, ओट्यावर ठेवली तर मांजर, म्हणून काखेत. आणि मग डुब.

सासूनं माझं तोंड बघितलं आणि टोपली खाली ठेवली. मी पिंपाकडं बोट केलं. तिनं बाही वर केली, खांद्यापर्यंत हात आत घातला, चाचपला, आणि वहीला पाठीला धरून वर काढली. पाणी गळत होतं. तिनं आधी वास घेतला. मग अंगठ्यानं दाबून बघितली. मग माशाचा कल्ला उघडून बघावा तसं एक पान उचलून आत बघितलं.

"ताजी हाय अजून," म्हणाली. "वाचंल."

आणि खरंच, अक्षरं जागेवर होती. शाई असती तर सगळं निळं पाणी झालं असतं. पेन्सिल पाण्याला दाद देत न्हाय. मी देवाचे आणि सरांच्या बदलणाऱ्या मताचे, दोघांचे आभार मानले. तिथंच थांबले असते, वही तशीच सावलीत उभी करून ठेवली असती, तर ही गोष्ट झालीच नसती. पण आम्ही मासळीवाल्या. ओली वस्तू हातात आली की आमचे हात आमचं ऐकत न्हायत.

सासू म्हणाली, बंद वही आतून कुजणार, पोट फाडल्याशिवाय वाळायची न्हाय. मला ते पटलं. तिनं कोयत्यानं शिवण उसवली. पानं सुटी झाली, चार-चारचे जुडगे. तेव्हा माझ्या लक्षात आलं न्हाय की पानांवर आकडे न्हवते.

मग ती मीठ घेऊन आली, खडे मीठ, आमच्या खाडीच्या मिठागरातलं, सुपात भरून. मी म्हटलं आये, नको. ती म्हणाली, पिंपातलं पाणी फिकं असतं, नुसतं भिजून भागत न्हाय, वरून लागतं, न्हायतर किडा पडंल. मी नको म्हणतच होते, एवढ्यात माझ्या हातातल्याच पानावर मला काय दिसलं, तर इजिप्तचे राजे. मेलेला राजा चाळीस दिवस मिठात ठेवत, मग पट्ट्यांत गुंडाळत, आणि अशी शरीरं हजारो वर्षं टिकली, असं सरांच्या अक्षरात स्पष्ट लिहिलेलं. आता सरांनीच लिहून ठेवलंय म्हटल्यावर मी कोण? तेव्हा हे मी आधीच सांगून ठेवते. उसवायचं डोकं सासूचं. मीठ लावायला होकार माझा, आणि तो मी वाचून दिला.

दोघींनी बसून लावलं. पान आडवं, वर मीठ, तळहातानं घासायचं, उलटायचं, परत. आमचा हात चालतो, गप्पा मारता मारता होतं. लेक खडे खात बसली होती. अर्धी अधिक पानं झाल्यावर मी कपाळावरचा केस मागं सारला आणि सासू माझ्याकडं बघून हसायला लागली. माझ्या कपाळावर काळा पट्टा. मी तळहात बघितला. काळा. तिचा बघितला. काळा. मग पान बघितलं. त्यावर फिकट धुकं होतं, आणि मधेच कुठंतरी "राजधानी" एवढाच शब्द शिल्लक.

राजधानी कुणाची, ते माझ्या हाताला लागलेलं होतं.

मी रडायला लागले. सासूनं उरलेलं मीठ सुपात सारलं आणि म्हणाली, बाकीच्यांना नको लावू मग. एवढंच. तिला वाटलं विषय संपला.

पानं दोरीवर गेली. दुसरी जागाच न्हवती. बांबूला बांधलेल्या दोऱ्या, त्यांच्यावर खालच्या दोन रांगांत बोंबील, वरच्या रांगेत आफ्रिका. बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकतात, पानांना जबडा न्हाय, म्हणून ती मधोमध दुमडून टाकली. वारा सुटला की सगळा देश फडफडायचा. शेजारची वैनी पाणी घेऊन चालली होती, तिनं कमरेवरची कळशी तशीच धरून विचारलं, ही कुठली मासळी म्हणून. सासू म्हणाली, "हिच्या कॉलेजची. काटा लई हाय तिला."

वैनी वाचायला शिकलेली न्हवती, पण एका पानावर सरांनी चित्र काढलं होतं, टोकदार उभे दगडी मनोरे, ते तिनं बघितलं आणि मला समजावून सांगायला लावलं. मग आणखी दोघी आल्या. तेव्हा मला एका डोळ्याच्या राणीचं पान सापडलं, आणि ते मी मोठ्यानं वाचलं. कुश नावाच्या देशाची राणी, एक डोळा गेलेला, रोमच्या बादशहाशी लढली, आणि तिच्या माणसांनी त्याच्या पुतळ्याचं डोकं तोडून आणून आपल्या देवळाच्या पायरीखाली पुरलं, म्हणजे येणारा-जाणारा त्याच्यावर पाय देऊन जाईल. सासूनं ते पान परत वाचायला लावलं. मग तिनं आमच्या उंबऱ्याकडं बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. मासळीचे एक व्यापारी होते, वजनात खोट करणारे, ते तिच्या डोक्यात आले असणार. तिनं नाव घेतलं न्हाय.

रविवारी दुपारपर्यंत पानं कडक वाळली. पापडासारखी. आता लावायची कशी? माझ्या डोक्यात ग्रीक आधी, मग रोमन, एवढंच घट्ट होतं. आफ्रिकेत कोण आधी आणि कोण नंतर, ते मी गोवराच्या तीन आठवड्यांत चुकवलेलं. मी ओट्यावर पानं पसरली, प्रत्येकावर एक-एक शंख ठेवला उडू नये म्हणून, आणि बघत बसले. सासू आली. म्हणाली, कोण कुणाला ओळखतं ते बघ. ज्याचं नाव दुसऱ्याच्या पानावर येतं तो आधीचा, न्हायतर शेजारचा. लग्नाच्या याद्या अशाच लावतात म्हणाली. मी तसं करून बघितलं, आणि खरंच लागायला लागलं. इजिप्तच्या पानावर कुश येत होता, कुशच्या पानावर शेवटी शेवटी अक्सूम, अक्सूमच्या पानावर समुद्र आणि आपल्याकडची गलबतं. एक दगडी शहर मात्र पार खाली, दक्षिणेला, कुणाच्याच पानावर न्हवतं. भिंती नुसत्या दगडावर दगड ठेवून, चुना न्हाय की माती न्हाय. सासू म्हणाली ते माहेर तुटलेलं असंल, त्याला शेवटी ठेव. ठेवलं.

राहिली पुसलेली जागा. इथं मी जे केलं ते मला आजही कुणाला सांगावंसं वाटत न्हाय, आणि तुम्हाला सांगते हाय. रिकामी जागा सोडली असती तर सरांना उघडल्या उघडल्या कळलं असतं. भरली तर, मला वाटलं, न्हाय कळणार. मी लेकीला सासूच्या मांडीवर दिलं, पेन्सिल तासली, आणि सरांचं अक्षर काढायला बसले. सरांचा "श" पोट पुढं काढून उभा असतो, "ळ" पालथा झोपल्यासारखा. दोन-तीन पानांत मला जमला. जे तासाला ऐकलेलं आठवत होतं ते लिहिलं. जिथं कागदावर जुन्या अक्षराचा खड्डा दिसत होता तिथं उन्हात तिरपं धरून वाचलं आणि त्यावरूनच गिरवलं. आणि जिथं काहीच न्हवतं, तिथं सासूला विचारलं.

"आये, नदीकाठचं मोठं राज्य हाय, लोखंड काढतात, हत्ती हायेत, राण्या हायेत. ते बुडलं कशानं असंल?"

ती लेकीच्या डोक्याला तेल लावत होती. "भावाभावांत पटत नसंल."

मी लिहिलं, अंतर्गत कलहामुळे राज्य दुबळे झाले.

खात काय असतील, तर भाकरी आणि मासळी, आणखी काय. घरं कसली, तर मातीची, आणि मागं ऊन येईल अशी. दागिने, तर राणी असंल तर सोन्याचे, न्हायतर मण्यांचे. अशी आम्ही दोघींनी मिळून दुपारभर आफ्रिका चालवली. खरं सांगते, मधेमधे मला मजा आली. तीही लिहून टाकते. मग जाळं विणायच्या सुईनं आणि जाळ्याच्याच दोऱ्यानं मी वही परत शिवली. आमची गाठ सुटत न्हाय. पुठ्ठा पुसला. लांबून बघितलं तर वही वहीसारखी दिसत होती.

सोमवारी सकाळी समुद्रावर धुकं आलं. धुकं आलं की सुकी मासळी आम्ही आत घेतो, कारण मिठाला दमट हवा लागली की ते पाणी ओढतं आणि माल परत ओला होतो. हे मला लहानपणापासून माहीत हाय. मासळीबद्दल. वहीबद्दल माझ्या डोक्यात आलंच न्हाय. मी ती काखेत धरून धक्क्यावर तासभर लाँचची वाट बघत उभी. लाँच लागली तोवर माझ्या पोलक्याची एक बाजू ओली झाली होती. मला वाटलं घाम हाय.

सर उतरले. वही हातात घेतली. त्यांचा हात थोडा खाली गेला, कारण ती दिली तेव्हा होती त्यापेक्षा जड झाली होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली न्हाय, नाकच तिच्याकडं गेलं असावं. धक्क्यावरच्या दोन मांजरी आमच्या मागं एसटीपर्यंत आल्या.

एसटीत ते खिडकीशी, मी त्याच बाकावर मधे एक जागा सोडून, लेक घरी. त्यांनी वही मांडीवर ठेवली, उघडली न्हाय, आणि प्रश्न विचारले. मला वाटलं होतं तोंडाला कुलूप लागेल. पण पहिला प्रश्न कुशचा आला आणि मी सुरू झाले. राणी, डोळा, पायरी, पुतळ्याचं डोकं. दुसरा अक्सूमचा, मी मनोरे सांगितले, नाणी, बंदर, आपल्याकडून जाणारा माल. तिसरा त्या चुन्याशिवाय बांधलेल्या भिंतींचा, त्या कशा उभ्या राहिल्या, तर मी सांगितलं की आमच्याकडं खाडीचा बांध घालतात तसंच, मोठा दगड खाली, वर आत कललेला, आणि फटीत बारीक दगड ठोकायचे. चौथा काय होता ते आठवत न्हाय, पण त्याचंही उत्तर आलं. प्रत्येक पान मी उसवलं होतं, घासलं होतं, दोरीवर टाकलं होतं, काढलं होतं, लावलं होतं, शिवलं होतं. एवढं तर मी माझ्या लग्नातलं लुगडंसुद्धा हाताळलं न्हाय.

सर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खिशातनं फॉर्म काढला, वहीवर ठेवला सही करायला, आणि फॉर्मला खालून ओल आली.

त्यांनी फॉर्म उचलला. वही उघडली. पानावर बारीक मीठ चमकत होतं.

मग मी सांगितलं. सगळं, एका दमात, लेक, पिंप, कोयता, दोरी, सासू. आजूबाजूचे लोक ऐकत होते, कंडक्टर तिकीट फाडायचा थांबला होता. सर मधे एकदाच बोलले. विचारलं, मीठ का लावलं. मी म्हटलं, "सर, तुमच्याच वहीत हाय. राजांना लावायचे." त्यांनी ते पान शोधून काढलं, वाचलं, चष्मा पुसला.

"ते राजे मेलेले होते, बाई," म्हणाले.

मग म्हणाले, ते मीठ वेगळं असतं. मी म्हटलं आमचं मिठागराचं हाय.

मला वाटलं आता फॉर्म परत खिशात जाणार. पण त्यांनी रबर काढला आणि म्हणाले, तुमचं कुठलं आणि माझं कुठलं, दाखवा. पुढचा सगळा रस्ता आम्ही तेच केलं. एक-एक पान. मी बोट ठेवायची, हे माझं सर, हे सासूचं, हे तुमचंच पण मी गिरवलेलं. ते खोडायचे, न्हायतर ठेवायचे. अंतर्गत कलहावर त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं हे सासूचं. ते म्हणाले, "राहू द्या. बरोबर आहे." घरामागच्या उन्हावर त्यांनी रबर फिरवला, पण हळू फिरवला. एका ठिकाणी हसलेसुद्धा, कुठं ते त्यांनी सांगितलं न्हाय.

कॉलेजचा थांबा दिसायला लागला तेव्हा एकच ओळ राहिली होती. कुशच्या शेवटच्या पानावर, खाली कोपऱ्यात, त्यांच्या राजधानीची, मेरोएची. मेरोएच्या बाजारात मासळी बायकाच विकत, आणि भावही त्याच ठरवत.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला काही आठवेना. अक्षर सरांचं होतं, पण मी काढलेलं अक्षरही सरांचंच होतं. ओळ मी गिरवली होती का नव्यानं लिहिली होती, सासूनं सांगितलं होतं का मीच मनाशी म्हटलं होतं, का आठ वर्षांपूर्वी मुंबईत बसून सरांनी कुठल्या पुस्तकातनं घेतलं होतं, मला कळेना. मी सरांकडं बघितलं. सर ओळीकडं बघत होते. त्यांनाही आठवत न्हवतं. पण ती ओळ त्यांना आवडली होती, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. चांगला मासा दुसऱ्याच्या टोपलीत दिसल्यावर माणूस बघतो तसं बघत होते.

एसटी थांबली. लोक उतरायला लागले. सरांच्या एका हातात रबर, दुसऱ्या हातात पेन, गुडघ्यावर फॉर्म.

"बाई," म्हणाले, "ही तुमची की माझी? तुमची असेल तर खोडतो, त्याने सहीला काही होत नाही. माझी असेल तर वर्गात शिकवीन. पण नक्की सांगा."

माहीत न्हाय म्हणायला पाहिजे होतं. तेच खरं होतं. पण माहीत न्हाय म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं की बाकीची पानंही मी अशीच अंदाजानं दाखवली, आणि मग फॉर्म खिशात गेला असता. माझी म्हटलं असतं तर ओळ गेली असती, आणि ती खरोखर सरांची असली तर आठ वर्षांतलं तेवढं मी स्वतःच्या तोंडानं पुसलं असतं. कंडक्टर घंटी वाजवत होता.

मी म्हटलं, "तुमची."

सरांनी मान हलवली, खिशातल्या पेन्सिलीनं ती ओळ एकदा ठळक केली, आणि फॉर्मवर सही केली. त्या आठवड्यात त्यांनी ती वर्गात शिकवली. फळ्यावर लिहिली. सगळ्यांनी उतरवून घेतली, मीसुद्धा, आणि पुढं बसलेल्या मुलीनं तिच्याखाली लाल रेघ मारली. मी पास झाले, दुसऱ्या वर्षालाही गेले, आणि त्यानंतर एसटीत नव्या पोरांच्या वह्यांत मी ती ओळ दरवर्षी बघते. पोरं ती मला वाचून दाखवतात, तुमच्यासारखंच होतं की तिकडं, म्हणतात. सर अजून आहेत, धक्क्यावर भेटतात, सासूची चौकशी करतात. जाऊन सांगावं असं दर सोमवारी मनात येतं, पण सांगू काय? ओळ खोटी हाय, असं मला ठाऊक न्हाय. खरी हाय, असंही ठाऊक न्हाय.

तुम्ही त्या एसटीत माझ्या जागेवर असता, समोर रबर आणि पेन, आणि खाली उतरायची घाई, तर तुम्ही काय सांगितलं असतं?